नवा टायर पंधरा दिवसांत फुगला, दुकानदार म्हणतो ‘टायरला वॉरंटी नसते’. कायदा काय म्हणतो?

नवी रोड बाइक घेऊन जेमतेम दोन-तीन आठवडे झालेत. मागच्या टायरला बाजूने लिंबाएवढा फुगवटा आलाय, किंवा चाक फिरवलं की टायर नागमोडी पळताना दिसतोय. दुकानात नेल्यावर मिळणारं उत्तर जवळपास ठरलेलं असतं: “टायर-ट्यूबला वॉरंटी नसते. हवा जास्त भरली असेल तुम्ही.” ऑनलाइन घेतली असेल तर समोर माणूसही नसतो, ‘परत करण्याची मुदत संपली आहे’ एवढी एक ओळ असते.

बहुतेक जण इथेच थांबतात. काही शे रुपये, फार तर हजार-दीड हजार खर्चून नवा टायर टाकतात आणि विषय संपवतात. ते समजण्यासारखं आहे. पण दुकानदाराचं ते वाक्य कायद्याच्या दृष्टीने अर्धंच बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळेच पैसे ग्राहकाच्या खिशातून जातात.

सध्या हा प्रश्न जास्त जणांना पडू शकतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. वीस-पंचवीस हजारांच्या आसपासच्या, अरुंद टायरच्या रोड बाइक आता शहरांतल्या दुकानांपासून ऑनलाइन बाजारापर्यंत सगळीकडे दिसतात. या किमतीत सायकल बसवताना कंपनी जिथे हमखास हात आखडता घेते, त्यातली एक जागा म्हणजे टायर. फ्रेम आणि गिअर जाहिरातीत दिसतात. टायर कोणत्या कंपनीचा, हे विचारतो कोण?

‘वॉरंटी नाही’ म्हणजे नक्की काय नाही?

वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतःहून दिलेलं आश्वासन. त्यात टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल हे ‘झिजणारे भाग’ म्हणून वगळलेले असतात. यात गैर काही नाही. रोज तीस किलोमीटर चालवून सहा महिन्यांनी टायर गुळगुळीत झाला, तर तो बदलून द्या असं कुणी म्हणणार नाही.

पण झीज वेगळी आणि दोष वेगळा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाची स्वतंत्र व्याख्या आहे. वस्तूचा दर्जा, प्रमाण किंवा मानक यांत राहिलेली कोणतीही उणीव म्हणजे दोष. हा दर्जा कायद्याने बंधनकारक असेल, करारात लिहिलेला असेल, करारात गृहीत धरलेला असेल किंवा विक्रेत्याने कुठल्याही स्वरूपात सांगितलेला असेल, तरी चालतं. ‘गृहीत धरलेला’ हा शब्द इथे महत्त्वाचा. सायकलचा टायर त्याच्यावर छापलेल्या दाबाच्या आत हवा भरल्यावर गोल राहील आणि रिमवर टिकेल, हे कुठल्याही विक्रीत गृहीतच असतं. वॉरंटी कार्डात टायरचं नाव नाही म्हणून ती अपेक्षा रद्द होत नाही.

त्याच कायद्यात ‘अनुचित व्यापार प्रथा’ कोणत्या, याची यादी आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही त्यातली एक. मुदत किती? बिलावर छापली असेल तेवढी, आणि काहीच छापलेलं नसेल तर ३० दिवस. बिल न देणं हीसुद्धा त्याच यादीतली प्रथा आहे. कच्च्या चिठ्ठीवर सायकल घेऊन दोनशे-पाचशे वाचवणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. पुढच्या सगळ्या गोष्टी त्या बिलावर उभ्या आहेत.

पण टायर सदोष आहे, हे कशावरून?

खरी अडचण इथे आहे. हक्क कागदावर भक्कम आहे, पण टायर खराब होण्याची कारणं अनेक आहेत आणि प्रत्येक कारणाची जबाबदारी वेगळ्यावर जाते. म्हणून भांडायला जाण्याआधी टायर नीट वाचायला हवा.

आधी थोडी रचना. टायरच्या आत धाग्यांचं जाळं असतं, त्यावर रबराचा थर. दोन्ही कडांना तारेचं किंवा मजबूत धाग्याचं एक कडं असतं, त्याला बीड म्हणतात. रिमच्या आतल्या खाचेत टायर पकडून ठेवायचं काम हे कडं करतं. स्वस्त टायरमध्ये सहसा तारेचं कडं आणि जाड, विरळ धाग्यांचं जाळं असतं. तसं असणं हा दोष नव्हे. असा टायर जड असतो, पण व्यवस्थित बनवला असेल तर छान टिकतो. स्वस्त आणि सदोष यांत गल्लत करायला नको, ग्राहकाने नाही आणि दुकानदारानेही नाही. “या किमतीत असंच मिळणार” हे टायरच्या वजनाबद्दल खरं असेल. फुगवट्याबद्दल नाही.

आता फुगवटा. टायरच्या बाजूला गाठ आली म्हणजे आतले धागे तुटलेत किंवा थर सुटलाय. बाहेरून काप, ओरखडा काहीच नसेल आणि सायकल नवी असेल, तर बनवतानाच्या दोषाची शक्यता मोठी. पण खड्ड्यात चाक जोरात आपटल्यावरही धागे तुटतात. मग पुरावा कुठे शोधायचा? ट्यूबमध्ये आणि रिमवर. जोरात आपटलेल्या चाकाच्या ट्यूबला बऱ्याचदा शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी, आणि रिमची कड चेपलेली असते. यातलं काहीच नसेल तर खड्ड्याचा युक्तिवाद बराच लंगडा पडतो.

नागमोडी चालणाऱ्या टायरचं निदान सोपं आहे, पण ते टाळलं जातं. रिमला लागून टायरवर एक बारीक उठावाची रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. एखाद्या ठिकाणी ती आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही, एवढाच अर्थ. हवा काढायची, कडांना साबणाचं पाणी लावायचं, टायर हाताने सारखा करायचा आणि पुन्हा हवा भरायची. बहुधा काम होतं. रेघ सगळीकडे सारखी आहे, रिमही सरळ फिरतेय आणि तरी मधला पट्टा डावीकडे-उजवीकडे सरकतोय, तर टायरच वाकडा बनलाय. खात्री करायची असेल तर तो दुसऱ्या चाकावर चढवून बघावा. वाकडेपणा टायरबरोबर गेला, तर चाकाचा संबंध संपला.

काही वेळा टायर निर्दोष असतो. ट्यूबला आतल्या बाजूने, म्हणजे रिमकडे, भोक असेल तर रिमवरची पट्टी सरकलेली असते आणि ताराच्या भोकाची कड ट्यूब कापते. टायरच्या बाजूला एकाच उंचीवर गोल फिरलेली घासटण असेल तर ब्रेकचा रबर चुकीच्या उंचीवर लावलाय. ही टायर कंपनीची चूक नाही, सायकल जोडणाऱ्याची आहे. ऑनलाइन सायकली अनेकदा ‘८५ टक्के जोडलेल्या’ खोक्यातून येतात. उरलेले १५ टक्के कोणी जोडले, हा प्रश्न मग कळीचा ठरतो. विक्रेत्याने पाठवलेल्या माणसाने, की आपण व्हिडिओ बघून?

मापाचाही एक गोंधळ आहे. रोड बाइकच्या टायरवर ७००×२५सी असं लिहिलेलं असतं, आणि त्याच्याजवळ २५-६२२. दुसरा आकडा खरा महत्त्वाचा: टायरची रुंदी २५ मिलिमीटर आणि रिमवर तो जिथे बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर. जुन्या २७ इंची टायरचा हाच व्यास ६३० असतो. ७०० आणि २७ इंच ‘एकच’ समजून कुणी तो गळ्यात मारला, तर ८ मिलिमीटरच्या फरकाने टायर सैल बसतो आणि दाब वाढताच रिमवरून उडतो. टायर सदोष नाही, पण चुकीचा विकलाय, आणि त्याची जबाबदारी विकणाऱ्याची.

“हवा जास्त भरली” यात किती तथ्य?

कधी कधी बरंच. पेट्रोल पंपावरचा किंवा पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर मोटारी-ट्रकसाठी असतो. २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये हवेला जागाच एवढीशी की दोन सेकंद जास्त धरलं तरी काटा कुठल्या कुठे जातो. तिथे मोजायचं यंत्र नसेल तर किती भरली हे भरणाऱ्यालाही सांगता येत नाही. टायरच्या बाजूवर कमाल दाब पीएसआयमध्ये कोरलेला असतो. त्याच्या वर गेलात तर कायदाही मदत करणार नाही. वस्तूचा गैरवापर किंवा तिच्यात फेरफार झाला असेल तर उत्पादन-दायित्वाचा दावा विक्रेत्याविरुद्ध टिकत नाही, असं कायद्यातच म्हटलंय.

“उन्हात ठेवली म्हणून फुटला” हे मात्र तपासून बघू. २५ अंशांना ९० पीएसआय भरलेला टायर ४५ अंशांपर्यंत तापला तर दाब साधारण ९७ होतो. उन्हात तापलेल्या डांबरावर ६० अंश धरले तरी १०२ च्या आसपास. कमाल दाबाच्या काठावर भरलेली हवा असेल तर ही वाढ ध्यानात घ्यावी लागते, घाट उतरताना रिम-ब्रेक सतत दाबून ठेवले तर जास्तच. पण कमाल मर्यादेच्या बऱ्यापैकी खाली भरलेला, धडधाकट टायर निव्वळ मराठवाड्याच्या उन्हाने फुटत नाही.

हा वाद जिंकायचा साधा उपाय म्हणजे घरी काटा असलेला उभा पंप. हवा भरताना काट्याचा एक फोटो काढून ठेवला तर ‘जास्त भरली असेल’ याला उत्तर तयार असतं. अतिरेक वाटेल, पण वाद पैशांचा असतो तेव्हा असा फोटो तासभराच्या बोलण्यापेक्षा जास्त काम करतो.

पैसे कोणी द्यायचे: दुकान, ॲप की कंपनी?

इथे ग्राहकाचा चेंडू होतो. दुकान म्हणतं कंपनीकडे जा, सायकल कंपनी म्हणते टायर आमचा नाही, टायरवरचं नाव शोधलं तर त्याचा भारतात पत्ता सापडत नाही.

सायकलबरोबर आलेला टायर हा तुम्ही घेतलेल्या सायकलचा भाग आहे. तुमचा व्यवहार विक्रेत्याशी झाला, बिल त्याचं आहे, त्यामुळे पहिली मागणी त्याच्याकडेच. त्याने पुढे कोणाकडून वसूल करायचं हा त्याचा प्रश्न. तक्रारीत विक्रेता आणि सायकल कंपनी दोघांची नावं घातलेली बरी. स्वतंत्र घेतलेला टायर आयात केलेला असेल तर वेष्टनावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठीचा संपर्क असणं वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार आवश्यक आहे. म्हणून ते वेष्टन फेकू नका.

ऑनलाइन खरेदीला २०२० चे ई-कॉमर्स नियम लागू होतात. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची, असंही नियम सांगतात. ॲपने ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ म्हटलं तर लेखी विचारून विक्रेत्याचा पत्ता मागता येतो, आणि तो त्यांना द्यावा लागतो. चॅटवरच्या यंत्राशी अर्धा तास बोलण्यापेक्षा तक्रार निवारण अधिकाऱ्याला थेट ईमेल करणं शहाणपणाचं. त्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं बंधनकारक आहे, जरी तो पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत सापडत असला तरी.

सायकलवरून जेवण पोहोचवणाऱ्या मुलांना अनेकदा सांगितलं जातं की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही. हे पूर्ण खरं नाही. स्वयंरोजगारातून फक्त स्वतःचं पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर ती ‘व्यावसायिक हेतू’मध्ये धरली जात नाही.

आयएसआय शिक्का असतो ना?

सायकल आणि रिक्षाच्या टायरसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस २४१४ हे मानक आहे. पण मानक असणं आणि ते सक्तीचं असणं यांत फरक आहे. मोटार वाहनांच्या टायरसाठी केंद्राने २००९ मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि आयएसआय चिन्ह सक्तीचं केलं. तो आदेश मोटार वाहनांपुरता आहे, सायकलचा टायर त्यात येत नाही.

तुलनेसाठी अमेरिकेचे सायकल सुरक्षा नियम बघता येतील. तिथे शिफारस केलेला हवेचा दाब टायरच्या बाजूवर कोरावाच लागतो, अक्षरांची किमान उंचीही ठरलेली आहे. त्या दाबाच्या ११० टक्के हवा भरून, वर २,००० न्यूटनचा भार टाकल्यावर टायर रिमवर शाबूत राहिला पाहिजे. नियमात असा स्पष्ट आकडा असला की वाद छोटा होतो: टायर एकतर चाचणीत टिकतो किंवा टिकत नाही. मापदंड सक्तीचा नसेल तर प्रत्येक ग्राहकाला ‘दोष म्हणजे काय’ इथपासून सुरुवात करावी लागते. मला यातली सगळ्यात मोठी त्रुटी हीच वाटते. ग्राहकाच्या हातात हक्क दिलाय, मोजपट्टी दिलेली नाही.

तक्रार करायची कशी, आणि ती परवडते का?

दोष दिसल्या दिवशी सायकल चालवणं थांबवा. टायर चाकावर असतानाच फोटो आणि चाक फिरतानाचा व्हिडिओ घ्या. टायरवरची सगळी अक्षरं, माप, कमाल दाब, एखादा बॅच क्रमांक असेल तर तोही. मग विक्रेत्याला लेखी कळवा. व्हॉट्सॲप चालेल, ईमेल जास्त बरा. त्यात खरेदीची तारीख, बिल क्रमांक, दोष काय आणि तुम्हाला काय हवंय (बदली टायर की पैसे) एवढं पुरे. उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत द्या.

आणि टायर देताना लेखी पोच घेतल्याशिवाय देऊ नका. “कंपनीला दाखवतो” म्हणून नेलेला टायर परत आला नाही तर तुमचा एकमेव पुरावा गेला. कायद्यानुसार चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर जिल्हा आयोग वस्तूचा नमुना घेऊन, सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. पाठवायला नमुना तर हवा.

विक्रेता दाद देत नसेल तर पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. इथे निकाल लागत नाही, तक्रार कंपनीपर्यंत पोहोचवून तडजोडीचा प्रयत्न होतो. हजार रुपयांच्या टायरसाठी मला तरी हाच सगळ्यात व्यवहार्य मार्ग वाटतो.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या किमतीची प्रकरणं तिथे चालतात, पाच लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. विक्रेता लुधियानाचा असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ही २०१९ च्या कायद्याची मोठी सोय. मुदत दोन वर्षांची. निकाल तीन महिन्यांत, चाचणी लागली तर पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, आणि चाचणीचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. तो टायरच्या किमतीपेक्षा जास्त असू शकतो. त्यामुळे फक्त टायरचे पैसे हवे असतील तर आयोगापर्यंत जाणं हिशोबात बसत नाही. तत्त्वासाठी जायचं असेल तर जरूर जा, मात्र हिशोब माहीत असू द्या.

टायर फुटून अपघात झाला असेल तर?

मग हिशोब पूर्ण बदलतो. पुढचा टायर उतारावर रिमवरून निघाला तर हाड मोडणं ही किरकोळातली गोष्ट. अशा इजेसाठी २०१९ च्या कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. बनवण्यात, रचनेत किंवा सूचना देण्यात दोष असेल आणि त्यातून इजा झाली असेल तर निर्मात्याकडून भरपाई मागता येते. विक्रेताही सुटत नाही, जर त्याने सायकल जोडताना किंवा तपासताना वाजवी काळजी घेतली नसेल, किंवा निर्माता कोण हेच कळत नसेल. बिननावाचा टायर विकणाऱ्याने हे शेवटचं वाक्य दोनदा वाचायला हवं.

एक बारकावा. या प्रकरणात ‘हानी’ म्हणजे माणसाला झालेली इजा, मानसिक त्रास किंवा इतर मालमत्तेचं नुकसान. खुद्द त्या वस्तूचं नुकसान त्यात धरत नाहीत. म्हणजे उपचाराचा खर्च आणि बुडालेला रोजगार इथे मागायचा, टायरचे पैसे सदोष मालाच्या तक्रारीत. अपघातानंतर टायर, ट्यूब आणि रिम आहे त्या अवस्थेत जपून ठेवा, दुरुस्तीला देऊ नका. उपचाराचे कागद पहिल्या दिवसापासूनचे हवेत.

यातली न दिसणारी बाजू अशी की एकाच बॅचचे पन्नास टायर बिघडले तरी पन्नास जण आपापल्या गावात गुपचूप नवा टायर टाकतात. कुणालाच तो बॅचचा दोष आहे हे कळत नाही. असा माल बाजारातून परत मागवायचा आदेश देण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला, म्हणजे सीसीपीएला आहे. २०२२ मध्ये आयएसआय नसलेल्या प्रेशर कुकरच्या बाबतीत त्यांनी ऑनलाइन कंपन्यांविरुद्ध तो वापरलाही. कुकरला सक्तीचं मानक होतं, त्यामुळे काम सोपं होतं. टायरच्या बाबतीत ते तितकं सरळ नाही, पण ‘असुरक्षित वस्तू’ म्हणून तक्रार करण्याची वाट बंद नाही. ती थेट प्राधिकरणाकडे करता येते, किंवा आपल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी देता येते. त्यात टायरवरचा बॅच क्रमांक आणि माप लिहायला विसरू नका, म्हणजे दुसऱ्या गावातून आलेल्या तक्रारीशी तुमची तक्रार जुळवता येईल.